शिंगांची गिटार, आठ महिन्यांनी

नव्याचे नऊ दिवस कधीच सरले. साठच्या दशकातली ही जपानी बनावटीची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. त्यातले पहिले दोन-तीन आठवडे मी ती वाजवण्यापेक्षा बघतच जास्त बसले, हे आधीच कबूल करते. वरचं शिंग, म्हणजे बॉडीचं पुढे आलेलं टोक, लांब आणि आत वळलेलं, खालचं आखूड, बोथट. बाकीच्या गिटारी बुडाशी छान गोल होतात, तिथे हिला कोणीतरी घास घेतल्यासारखी खोल खाच. तीन पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे चुंबकी भाग, आणि त्यांना जुन्या रेडिओवर असायचे तसे तीन रॉकर स्विच. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, नाव नाही, नावाची पट्टी जिथे होती तिथे फक्त दोन बारीक भोकं. नेक म्हणजे गिटारची मान, तिच्यामागच्या पत्र्यावर ‘मेड इन जपान’ एवढंच. त्या काळी एकाच कारखान्यातली गिटार परदेशात वेगवेगळ्या विक्रेत्यांची नावं लावून विकली जायची, त्यामुळे नाव सापडलं असतं तरी त्यावरून फार काही कळलं असतं असं नाही.

आता गंमत संपल्यावरचा अनुभव.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसून मांडीवर घेतली आणि ती सरळ गुडघ्याकडे निघाली. बुडाची खाच मांडीसाठी असेल असं मला वाटलं होतं. तशी ती अजिबात नाही. त्या खाचेत मांडी बसवली तर नेक इतका डावीकडे जातो की पहिल्या फ्रेटपर्यंत, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांतल्या पहिलीपर्यंत, हात ताणावा लागतो. मग पट्टा लावून उभी राहिले. डावा हात काढला की हेडस्टॉक जमिनीकडे. नाकापेक्षा मोती जड! कारण साधं आहे. नेहमीच्या बऱ्याच सॉलिड बॉडी, म्हणजे पोकळ नसलेल्या भरीव गिटारींत वरचं शिंग साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पोचतं आणि पट्ट्याचं बटण त्याच्या टोकाला असतं, म्हणून तोल सावरतो. हिचं शिंग दिसायला लांब, पण आत वळल्यामुळे बटण सोळाव्या फ्रेटच्या आसपास येतं. जेवढं बटण मागे, तेवढा नेक खाली. साठ वर्षांच्या लाकडाला नवीन भोक पाडायचा धीर झाला नाही. आतून खरबरीत चामडं असलेला रुंद पट्टा घेतला, तो खांद्यावर घट्ट धरून बसतो. नेक अजूनही झुकतो, पण सावकाश.

ही रड एकट्या माझ्या गिटारची नाही. गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९५८ साली फ्लाइंग व्ही आणि एक्स्प्लोरर बाजारात आणल्या, कोरिना नावाने विकल्या जाणाऱ्या फिकट आफ्रिकी लिंबा लाकडाच्या. त्या मूळ व्हीच्या खालच्या पंखाच्या कडेला रबराची पट्टी लावलेली असायची, मांडीवरून घसरू नये म्हणून. म्हणजे बसून वाजवणाऱ्याचे काय हाल होणार हे कारखान्यालाही ठाऊक होतं! रबर लावू, पण रेषा मोडायची नाही, असा तो बाणा. गिऱ्हाइकांना तो पटला नाही. गिब्सनच्या नोंदींनुसार १९५८ मध्ये ८१ आणि १९५९ मध्ये १७ व्ही बाहेर पडल्या, आणि खेळ आटोपला. १९६७ मध्ये ती महोगनीत परत आली तेव्हा जग बदललेलं होतं. मधल्या काळात ती हातात धरणाऱ्या मोजक्या लोकांत ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग होते. ते डावखुरे, आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवायचे. साधी गिटार उलटी केली की खाच वर, शिंग खाली, वरच्या फ्रेटपर्यंत पोचायची मारामार. व्ही दोन्ही बाजूंनी सारखी, उलटी काय नि सुलटी काय. कागदावर भविष्यवेधी दिसावा म्हणून काढलेला आकार एका माणसाच्या हाताला असा बसला. मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात आवडतं.

आकाराचा आवाजावर किती परिणाम होतो हा वाद मी घालणार नाही. सॉलिड बॉडी गिटारमध्ये ऐकू येतं ते मुख्यतः तार आणि पिकअप यांच्यातलं. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास एका चौकोनी लाकडी ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवून ते सिद्धच केलं होतं. पण नुसता ठोकळा गिटारसारखा दिसेना, म्हणून एका एपिफोन गिटारच्या कुशी कापून दोन्ही बाजूंना चिकटवल्या. वाजण्यासाठी त्यांची गरज नव्हती, बघणाऱ्यांसाठी होती. आणि त्याच्याही आधी, १९३२ साली, रिकेनबॅकरची जी इलेक्ट्रिक गिटार विकायला आली ती तर मांडीवर आडवी ठेवायची, ओतीव अॅल्युमिनियमची, लांब दांड्याच्या तव्यासारखी. लोक तिला फ्राइंग पॅनच म्हणायचे. म्हणजे विचित्र आकार हा नंतर सुचलेला चाळा नाही. इलेक्ट्रिक गिटार जन्मालाच तशी आली, सभ्य कंबर तिला मागाहून मिळाली.

पण धरण्यावर आकाराचा परिणाम होतो, आणि धरण्याचा वाजवण्यावर. हे मला चौथ्या महिन्यात कळलं. माझ्या नेहमीच्या गिटारवर उजवा हात कोपराच्या खाली बॉडीच्या कडेवर टेकतो. इतकी वर्षं टेकतोय की तो टेकू आहे हे लक्षातच नव्हतं. हिच्यावर नेमकी तिथली कड उतरती आणि अरुंद, हात अधांतरी. पहिले दोन महिने खांदा भरून यायचा, वैतागून मी तिला भिंतीवर टांगून ठेवलं. मग कधीतरी हात आपोआप पुढे सरकला, नेकच्या तोंडापाशी, आणि मारा कोपरातून न येता मनगटातून यायला लागला. आवाज मऊ झाला. ज्या ठेक्यांवर मी एरवी तारा बडवते तिथे आता अर्ध्या तारा सोडून देते. हे काही ठरवून केलेलं नाही, तिने करायला लावलं. परवा जुनी गिटार घेतली तर कोपराखालचा टेकूच खुपायला लागला.

आवाजाबद्दल थोडं. पिकअप सोनेरी वर्खाचे आहेत, ज्यांना सगळे गोल्डफॉइल म्हणतात. एके काळी हे भंगारात जायचे. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी टेइस्को या जपानी कंपनीचा असा पिकअप आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये बसवल्यावर त्यांना भाव आला. माझे तसे कमजोर आहेत, नेहमीच्या गिटारइतकाच आवाज हवा तर अॅम्प (अॅम्प्लिफायर) बराच वाढवावा लागतो. पण नेककडच्या पिकअपवर खर्ज भरीव आणि वर काचेसारखी एक किणकिण, दुसऱ्या गिटारवर मला ती मिळालेली नाही. तिन्ही एकदम चालू केले की आवाज आंबट होतो, ते मी करत नाही. एक खोड मात्र आहे. पिकअपवर नखाने टकटक केलं तर ते अॅम्पमधून ऐकू येतं, आणि आवाज वाढवला की शिट्टी सुरू. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्या मंडळींनी लांब राहावं.

सगळ्यात मोठं दुखणं होतं तारांच्या उंचीचं. बाराव्या फ्रेटपाशी तारा जवळजवळ चार मिलिमीटर वर. बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज अगदी तळाला टेकवलेला, त्याहून खाली जायला जागा नाही. नेकमध्ये नुसती लोखंडी पट्टी आहे, पिळून सरळ करायचा ट्रस रॉड नाहीच. शेवटी एका रविवारी तारा सैल केल्या, मागचे चार स्क्रू काढले आणि नेक हलवून उपसला. खोबणीत साठ वर्षांची धूळ, पेन्सिलीने लिहिलेली दोन जपानी अक्षरं, त्याखाली एक आकडा आणि पुठ्ठ्याची एक घडी. आधीच्या कोणीतरी पाचर मारली होती, पण नेमकी चुकीच्या टोकाला! खोबणीच्या तोंडाशी पाचर ठेवली की नेक पुढे झुकतो आणि तारा आणखी वर जातात. ती हवी होती आतल्या टोकाला. तोच पुठ्ठा उचलून आत सरकवला, स्क्रू आवळले, सूर लावला, आणि उंची दोन मिलिमीटरच्या जरा वर आली. दोन मिनिटं मी नुसती बघत राहिले. किती वर्षं ही बिचारी त्या एका घडीपायी वाजवण्यालायक नाही म्हणून पडून होती कोण जाणे. पुठ्ठा दबतो म्हणून नंतर त्याजागी लाकडी पापुद्र्याची चकती घातली. अक्षरांना हात लावला नाही.

बाकी कामं किरकोळ. झीरो फ्रेटवर, म्हणजे पहिल्या फ्रेटच्याही आधीच्या पट्टीवर, तारांनी चरे पाडले होते, ते एका कारागिराने घासून सारखे केले. अकराच्या जरा जाड तारा लावल्या, दहाच्या बारीक फार लुळ्या वाटत होत्या. सूर हलवायचा ट्रेमोलोचा दांडा एकदा दाबला की तारा परत जागेवर येत नाहीत. तो काढून खणात ठेवलाय.

स्विचचं प्रकरण मजेदार आहे. १९६५ च्या सुरुवातीला व्हेंचर्स हा अमेरिकन गिटार बँड जपानमध्ये वाजवून गेला आणि तिथे इलेक्ट्रिक गिटारची लाट आली. कारखान्यांची चढाओढ लागली, याला दोन पिकअप तर त्याला चार, याला एक शिंग तर त्याला तीन वळणं. माझ्या गिटारवर तीन स्विच आणि चार बटणं आहेत, त्यातली कामाची जेमतेम दोन. नाव सोनूबाई. तरी ती काढून टाकावीत असं वाटत नाही, कारण गिटारचं भविष्य कसं दिसेल याचा तो कोणीतरी घाईघाईत बांधलेला अंदाज आहे. तो साफ चुकला, आणि मला नीटनेटक्या गिटारींपेक्षा तो चुकलेला अंदाज हातात धरायला जास्त आवडतो.

आकार वेगळा म्हणजे गैरसोय असं समीकरण मात्र नाही. ओव्हेशन कंपनीची सत्तरच्या दशकातली ब्रेडविनर गिटार कुऱ्हाडीसारखी दिसते, पण तिची खालची खाच खरोखर मांडीसाठी आहे. त्यामुळे अशी जुनी गिटार घेणार असाल तर फोटोवर भाळू नका. बसून वाजवा, मग पट्टा लावून डावा हात सोडून बघा. बाराव्या फ्रेटची उंची मोजा, आणि ब्रिज तळाला टेकला असेल तर नेकखाली कोणीतरी काहीतरी करून ठेवलंय असं समजा. नेकला पीळ असेल तर सोडून द्या, त्याला घरगुती इलाज नाही.

गिटार ठेवायच्या पेटीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कुठल्याच तयार पेटीत शिंग मावत नाही, म्हणून सध्या ती बास गिटारच्या पिशवीत, वरच्या रिकाम्या जागेत टॉवेल कोंबून जाते. बाहेर काढली की कोणीतरी विचारतंच, ही वाजते का? वाजते. मधला स्विच आधी चार वेळा खालीवर करावा लागतो, तेवढंच.