‘सगळं यात आलं भाऊ’

अमळनेरच्या जुन्या घरावर मजला चढवायला घेतला तेव्हा ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये शेवटची ओळ होती : विमा, 22,500 रुपये. मी खूशच झालो. आमच्याकडे घर बांधताना विमा काढतं कोण? माणूस रीतसर काम करणारा दिसतो, असं बायकोला म्हणालोसुद्धा. दोन दिवसांनी त्याच्याच ओळखीचा एजंट आला, ओट्यावर बसून चहा प्याला, रोख पैसे मोजून घेतले. “भिंत पडू द्या, माणूस पडू द्या, सगळं यात आलं भाऊ.” आठवड्याने लॅमिनेशन केलेला एक कागद हातात आला. तो मी कपाटात ठेवला. वाचला नाही. इंग्रजीत होता हे निमित्त. खरं म्हणजे लॅमिनेशन बघूनच माझं समाधान झालं होतं.

स्लॅब मे महिन्यात. आपल्याकडच्या मेमध्ये दहा वाजता सळईला हात लागत नाही, म्हणून पहाटे पाचला मिक्सर सुरू केला. संध्याकाळी सगळ्यांना वरण-बट्टी, वांग्याची भाजी घालायची होती. आठच्या सुमारास घमेलं घेऊन जाणाऱ्या एका मजुराच्या पायाखालची फळी उलटली. फळीला खिळाच नव्हता, नुसती बल्लीवर टेकवलेली. बाराएक फुटांवरून पोरगा खडीवर आला. डावं मनगट आणि मांडीचं हाड. धुळ्याला नेलं, मांडीत प्लेट टाकली, बिल 1,38,000.

ठेकेदार दवाखान्यात एकदाच आला, दहा हजार दिले, नंतर त्याचा फोन बंद. एजंट म्हणे, क्लेम टाकलाय. पंधरा दिवस तेच. शेवटी कागद घेऊन मी स्वतः विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी नंबर टाकून पाहिला. पॉलिसी खरी होती. माझ्याकडे तिचं फक्त पहिलं पान होतं. त्यावरच हप्ता छापलेला : 8,000 आणि 18 टक्के जीएसटी 1,440, म्हणजे 9,440. उरलेले 13,060 कुणाच्या खिशात गेले ते सांगायला नको. रोख दिलेले, पावती नाही, त्यामुळे भांडायलाही पुरावा नाही.

पण खरा फटका पुढे होता. पॉलिसी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ प्रकारची. तिचे दोन भाग असतात. पहिल्यात बांधकामाचं आणि मालाचं नुकसान. दुसऱ्यात त्रयस्थाचं : शेजाऱ्याच्या पत्र्यावर वीट पडली, रस्त्याने जाणाऱ्याला लागलं, तर. साइटवर काम करणारा मजूर यात त्रयस्थ धरलाच जात नाही. मालकाची आणि ठेकेदाराची माणसं वगळली आहेत, असं आतल्या पानावर स्पष्ट छापलेलं, आणि ती आतली पानं मला कधी मिळालीच नव्हती. म्हणजे तो पोरगा कुणा वाटसरूच्या डोक्यावर पडला असता तर त्या वाटसरूला पैसे मिळाले असते, पोराला नाही.

मजुरासाठी वेगळी पॉलिसी लागते, कामगार भरपाईची. मूळ कायदा 1923 चा. ती माणसांची संख्या आणि मजुरी सांगून काढतात, आणि मजूर ज्याच्या हाताखाली आहे त्याच्या नावाने. ठेकेदार “माझ्याकडे आहे” म्हणाला तर साइटचा पत्ता, मुदत आणि माणसांचा आकडा आपण डोळ्यांनी बघावा. पोटठेकेदाराची माणसं त्यात आपोआप येत नाहीत. आणखी एक गोष्ट त्या बाईंनी सांगितली, ती मला कुणीच सांगितली नव्हती : दवाखान्याचा खर्च हवा असेल तर तो जादा हप्ता भरून जोडून घ्यावा लागतो. नुसत्या पॉलिसीत प्लेटचं बिल निघेलच असं नाही.

पोराच्या बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कटतात, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. मला तिथेही आशा वाटली. पण ती अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. हाड मोडून जुळलं तर त्यात काही नाही. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणीही नव्हती. त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो मागितला की ठेकेदार तोंड फिरवतात.

बिल मीच भरलं, खिडक्यांसाठी ठेवलेले पैसे मोडून. पोराची आई एकदा ओट्यावर येऊन बसली. पैसे मागितले नाहीत. एवढंच म्हणाली, “मना पोऱ्या कामले कव्हय जाई?” मला उत्तर देता आलं नाही. एजंट परवा बसस्टँडवर दिसला, हसून विचारतो, गाडीचा विमा कधी संपतोय?

प्लास्टर अजून बाकी आहे. नव्या ठेकेदाराला सांगितलं, सहा माणसांची कामगार पॉलिसी, दवाखान्याच्या जोडीसकट, हप्ता मी देतो पण चेकने, कंपनीच्या नावाने. तो आधी हसला, मग तयार झाला. सगळी पानं आली आहेत. रात्री भाच्याला बसवून एकेक ओळ वाचून घेतो आहे, अजून चार पानं राहिलीत.