आतल्या मांडीसाठी काय करावं: चेंडू, मशीन की कोपनहेगन?

पांडवलेणी उतरताना गुडघा कुरकुरतो, ही तक्रार नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी हमखास कानावर येते. त्यावर ठरलेला सल्ला असतो, आतली मांडी मजबूत करा. पण आतली मांडी म्हणजे नेमकं काय? गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला थेंबासारखा फुगवटा दिसतो, तो मांडीच्या पुढच्या स्नायूचा भाग. गुडघ्याच्या वाटीला तो आधार देतो. जांघेतून निघतात ते पाय आत ओढणारे पाच स्नायू वेगळे. त्यातला एकच, ग्रॅसिलिस, गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाला जुळतो. वाटीभोवती दुखत असेल तर आधी कमी उंचीच्या पायरीवरून हळूहळू उतरण्याचा सराव करा, चेंडू दाबून तो थेंब फारसा बळकट होत नाही. चेंडू, मशीन आणि कोपनहेगन नावाचा व्यायाम, ही इथली तुलना त्या पाच स्नायूंसाठी.

गुडघा दुखरा असेल, वय झालं असेल, तर चेंडूच बरा. उताणं झोपून गुडघे वाकवा, मध्ये रबरी चेंडू किंवा घट्ट उशी धरा, पाच सेकंद दाबा, सोडा. दहा वेळा. सांधा हलत नाही, म्हणून त्रास कमी. मात्र ताकद एका मर्यादेपर्यंतच वाढते.

जिममधल्या मशीनवर वजन मोजून वाढवता येतं, हा तिचा मोठा गुण. पण बसून दोन्ही पाय एकदम दाबताना कमजोर पाय लपून जातो आणि तोल सांभाळायची सवय लागत नाही.

पळणाऱ्यांना आणि कबड्डीवाल्यांना मी कोपनहेगनच सांगेन. कुशीवर, कोपरावर भार, वरचा पाय बाकावर, कंबर उचलून खालचा पाय वर भिडवायचा. नॉर्वेतल्या 35 फुटबॉल संघांवरचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. हा व्यायाम करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्के कमी आढळला. तो निष्कर्ष जांघेचा आहे, गुडघ्याचा नव्हे. मी पहिल्याच दिवशी घोटा बाकावर ठेवला. आठव्या सेकंदाला मांडी थरथरून कंबर खाली आली आणि पुढचे दोन दिवस स्कूटरवर टांग टाकताना जांघ ओढत होती. म्हणून सुरुवात गुडघा बाकावर ठेवूनच करा, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा. घोट्यावर जायची घाई नको.

गुडघा सुजला असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर यातलं काहीच सुरू करू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.