टीएनजीचा डेटा: गॅलॅक्सी क्लस्टरच्या मासवर काम करायचंय तर घ्याच

गॅलॅक्सी क्लस्टरच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या शेकडो-हजारो दीर्घिकांच्या समूहाच्या, वस्तुमानावर (मासवर) एमएस्सीचा प्रोजेक्ट घेतलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, इलस्ट्रिस-टीएनजीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालवलेल्या विश्वाच्या सिम्युलेशनच्या, साइटवर अकाउंट काढ. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बॉक्सचा, टीएनजी३०० चा, डेटा २०१८ च्या डिसेंबरपासून खुला आहे, एक पैसा लागत नाही, आणि आख्खा स्नॅपशॉट (एका क्षणाचा पूर्ण बॉक्स) टेराबाइटमध्ये असला तरी घाबरायचं कारण नाही, कारण एपीआय की (कोडमधून डेटा मागवायची किल्ली) मिळाली की हव्या त्या एकाच क्लस्टरचा तुकडा कापून घेता येतो. शिवाय साइटवरचं ज्युपिटरलॅब (ब्राउझरमधून कोड चालवायची सोय) मागून घेतलं तर सगळं ब्राउझरमध्येच चालतं, डाउनलोडची कटकटच नाही.

याची खरी किंमत कुठे कळते सांगू? दुर्बिणीवाले एक्स-रेमधून गॅसचं तापमान आणि घनता काढतात, गॅस गुरुत्वाकर्षणाशी तोल सांभाळून शांत बसलाय असं धरतात आणि त्यावरून मास काढतात. पण दोन क्लस्टर नुकतेच एकमेकांत घुसले असतील तर गॅस ढवळलेला असतो, तो भोवऱ्यांचा दाब हिशोबात येतच नाही, म्हणून उत्तर बऱ्याचदा १०-२० टक्के कमी येतं. सिम्युलेशनमध्ये मात्र कण न् कण मोजलेला असल्याने खरा मास आधीच माहिती, मग त्याच क्लस्टरवर दुर्बिणीवाल्यांची रीत लावायची आणि चूक किती ते सरळ बघायचं. हे आकाशातल्या क्लस्टरवर करताच येत नाही!

युनिट मात्र नीट बघा. कॅटलॉगमध्ये (क्लस्टरच्या यादीत) मास ३०००० दिसला तर तो १०^१० ने गुणायचा आणि वर ०.६७७४ ने (हबल स्थिरांकाचा h) भागायचा, म्हणजे साधारण ४.४×१०^१४ सूर्यांइतकं वस्तुमान.

कमी काय, तर बॉक्सची बाजू ३०० मेगापार्सेकच (सुमारे शंभर कोटी प्रकाशवर्षं), त्यामुळे १०^१५ सूर्यांच्या पुढचे, कोमासारखे दांडगे क्लस्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यासाठी याच मंडळींचं टीएनजी-क्लस्टर हे वेगळं सिम्युलेशन आहे, त्यात ३५२ क्लस्टर वेगळे निवडून पुन्हा चालवलेत. आणि कृष्णविवरं गॅस कसा तापवतात याचं मॉडेल टीएनजीत सगळीकडे एकच असल्याने, नुसत्या टीएनजीवर निष्कर्ष काढू नका, द थ्री हंड्रेड या दुसऱ्या सिम्युलेशन प्रकल्पाचे ३२४ क्लस्टर वेगवेगळ्या कोडने चालवलेत, ते पण ताडून बघा.

नवीन असाल तर थेट टीएनजी३००-१ ला (सगळ्यात बारीक रेझोल्यूशनच्या आवृत्तीला) हात घालू नका, टीएनजी३००-३ घ्या, बॉक्स तोच, रेझोल्यूशन कमी, फाइल बऱ्याच लहान. कोड त्यावर बसवा आणि मग मोठ्यावर चालवा.