एस्टीमची क्लच केबल : आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात, ऐन संध्याकाळी सातला, नाशिकच्या द्वारका चौकात क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. केबल तुटली होती. द्वारकेतून रोज जाणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. गाडी बंद केली, पहिला गिअर टाकला आणि गिअरमध्येच स्टार्टर मारला. चार धक्के देऊन माझी मारुती एस्टीम निघाली. दुसरा गिअर आरपीएम जुळवून टाकला आणि क्लचशिवाय इंदिरानगरपर्यंत घरी आलो.

गाडी २००४ ची व्हीएक्सआय, १६ व्हॉल्व्ह, ८५ बीएचपी. वजन नऊशे किलोच्या आत असल्यामुळे ती आजही कशी पळते हे एस्टीमवाल्यांना माहीत आहे, आणि नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर रॅलीत तिला धुरळा उडवताना ज्यांनी पाहिलंय त्यांनाही. म्हणून तिच्या गुणांवर लिहीत नाही. लिहायचंय ते केबलवर, कारण पाच-सहा महिन्यांत मी तीन केबली विकत घेतल्या आणि त्यातल्या दोनांबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं.

तुटलेली केबल, म्हणजे पेडलपासून गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत जाणारी नळीतली तार, मी गाडी घेतली तेव्हापासूनचीच होती. पेडलच्या हुकाजवळ तारा एकेक करून तुटत गेल्या होत्या. तिच्याबद्दल तक्रार नाही, तिनं भरपूर काम केलं. दुसऱ्या दिवशी द्वारकेजवळच्याच एका दुकानातून स्थानिक कंपनीची केबल ३४० रुपयांना आणली. मूळ कंपनीची त्यांच्याकडे नव्हती. मागवली तर चार दिवस लागतील आणि जवळपास दुप्पट पैसे पडतील म्हणाले. आधीच १५ वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीला ५००० रुपये मोजलेले, त्यामुळे ३४० वाली घेतली. दुकानदार एका वेगळ्या मॉडेलची केबलही दाखवत होते, 'हीसुद्धा बसते' म्हणून. इथे एक काम न चुकता करा. जुनी केबल सोबत न्या आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून दोन मापं बघा: बाहेरच्या नळीची लांबी, आणि नळीच्या बाहेर निघणाऱ्या तारेची लांबी. पहिलं जास्त असेल तर केबलला विनाकारण वळसे पडतात, दुसरं जुळलं नाही तर केबलच्या टोकाचा सेटिंगचा नट शेवटच्या आट्यापर्यंत नेऊनही सेटिंग मिळत नाही. आपल्याकडे पेडल उजवीकडे आणि गिअरबॉक्स डावीकडे, म्हणजे केबल आडवी लांब जाते. परदेशातल्या डाव्या स्टिअरिंगच्या सुझुकीची केबल मागवायचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या.

केबल बसवली आणि पहिले दोन महिने पेडल लोण्यासारखं होतं. रोज सातपूरला जाताना मुंबई नाक्यावर थांबत-सरकत जावं लागतं, तरी गुडघ्याला काही जाणवत नव्हतं. त्या वेळी लिहिलं असतं तर या केबलचं कौतुकच केलं असतं. ऑगस्टपासून पेडल जड व्हायला लागलं. सप्टेंबरमध्ये इतकं जड झालं की सोडताना ते अर्ध्यावर अडकायचं. गॅरेजवाले म्हणाले, "भाऊ, प्रेशर प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सात-आठ हजार धरून चला."

सात-आठ हजार ऐकून मी आधी केबल गिअरबॉक्सवरच्या लिव्हरवरून सोडवली. ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांची आहे. सोडवलेली तार हातानं मागेपुढे ओढून पाहायची. सहज सरकली तर दोष पुढे, लिव्हरनं हलणाऱ्या फोर्कमध्ये किंवा क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटमध्ये. माझी तार दोन्ही हातांनी जोर लावूनही खरखरत येत होती. म्हणजे केबलच. दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की तुम्ही बनावट माल विकता. त्यांनी वाद न घालता दुसऱ्या कंपनीची केबल निम्म्या किमतीत दिली. ती पाच आठवड्यांत तशीच झाली.

दुसऱ्यांदा मी केबल फेकली नाही. दोन्ही घेऊन बसलो आणि हॅक्सॉनं नळी उभी चिरली. आतलं प्लास्टिकचं अस्तर तपकिरी होऊन वितळलेलं, तारेला चिकटलेलं. इंजिनच्या उष्णतेनं झालं असतं तर ते एखाद्या गरम भागाजवळच झालं असतं. इथं अस्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखंच गेलं होतं. उष्णता बाहेरून आलेली नव्हती, तारेतूनच आली होती.

कारण अर्थिंग, म्हणजे इंजिनातला प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. बॅटरीच्या निगेटिव्हकडून गिअरबॉक्सवर येणाऱ्या जाड वायरचं टोक सोडवलं तर खाली गंज आणि हिरवट क्षार. स्टार्टर मारताना शंभरहून जास्त अँपिअरचा प्रवाह इंजिनातून परत जायला वाट शोधतो. जाड वायरचा रस्ता बंद असेल तर तो इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या कुठल्याही धातूतून जातो, आणि क्लच केबल नेमकी तीच दोन ठिकाणं जोडते. केबल हीटरच्या तारेसारखी तापते आणि अस्तर थोडं थोडं वितळत जातं. स्टार्टर बरेच दिवस आळसावल्यासारखा फिरत होता, मी बॅटरी जुनी झाली म्हणून दुर्लक्ष केलं. मल्टीमीटरची एक पिन इंजिनच्या धातूला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून मुलाला स्टार्टर मारायला सांगितलं: १.४ व्होल्ट. टोक घासून, नवा बोल्ट लावून, इंजिनपासून बॉडीपर्यंत एक जास्तीची जाड वायर टाकल्यावर ०.१५. सगळा खर्च १८० रुपये.

म्हणजे त्या दोन्ही केबली वाईट नव्हत्या. दुकानात जाऊन चिरलेली नळी दाखवली आणि माफी मागितली. शेजारी गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच मागितली. दुकानदार नळी बोटानं चाचपत म्हणाले, "याच गाडीच्या अशा केबली परत येतात हो, आम्हाला वाटायचं लोक नीट बसवत नाहीत." जुन्या गाडीत वर्षाच्या आत दुसरी केबल लागली तर तिसरी घेण्याआधी अर्थिंग बघा. गॅरेजमध्ये हे कुणी आपणहून सांगितलं नाही.

मग ऑक्टोबरमध्ये मारुतीचीच मूळ केबल घेतली, ६१० रुपये. तिला आता आठ महिने झाले. फरक? नळी जरा जाड आहे, रबरी बूट घट्ट बसतो, पावसाळ्यात पाणी आत जाणार नाही असं वाटतं. पेडलचा हलकेपणा मात्र स्थानिक केबल नवी असताना होता तेवढाच. पैसे वाचवायचे असतील आणि अर्थिंग ठीक असेल तर मी स्थानिक केबलला नाही म्हणणार नाही. नळीत ऑइल किंवा ग्रीस मात्र कुणालाही ओतू देऊ नका. अस्तर असलेल्या केबलला त्याची गरज नसते, उलट धूळ चिकटून तिची खरवड होते. ग्रीस फक्त पेडलच्या हुकाला आणि लिव्हरच्या टोकाला, बोटभर.

आता सेटिंग. यावर माझं गॅरेजवाल्यांशी कायम वाजतं. कुणाकडेही न्या, "प्ले काढून टाकतो, क्लच एकदम वरच लागेल" म्हणत नट आवळतात. प्ले म्हणजे पेडल जड लागायच्या आधी ते मोकळं जातं ते अंतर. नव्या केबलला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आवळावं लागतं हे बरोबर, नळी जागेवर बसते. पण त्यानंतर उलटं होतं. क्लच प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिच्या स्प्रिंगची बोटं बाहेर, ती दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे येतात आणि प्ले आपोआप कमी होतो. म्हणजे काळानुसार नट सैल करायचा असतो. प्ले शून्य झाला की बेअरिंग सतत स्प्रिंगला टेकून फिरतं, क्लच पूर्ण पकडत नाही आणि कसारा घाटात चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढतो, गाडी चढत नाही. प्लेट जळते ती अशी.

मी पट्टी पेडलशेजारी उभी धरतो, पेडल हातानं (पायानं नाही, पायाला कळत नाही) जड लागेपर्यंत दाबतो आणि अंतर मोजतो. माझ्या गाडीत २० मिलिमीटरवर ठेवलंय. मग इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबायचं, तीन सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवून देणारी रचना) नसतो, त्यामुळे क्लच पुरता सुटत नसेल तर तो करकरतो. माझा शांत पडतो.

गेल्या रविवारी पाऊस सुरू व्हायच्या आत पुन्हा मोजलं. १६ मिलिमीटर भरलं. नट दोन फेरे सैल केला, पुन्हा २० वर आणला आणि त्र्यंबकपर्यंत जाऊन आलो.