धुराला पंखा की पडदा? उद्यमनगरात बनवायचं ठरवताना

आगीच्या जागी जवानांना हातात उचलून नेता येईल आणि धूर आवरता येईल असं काहीतरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये बनवावं, हा विचार डोक्यात असेल तर तुमच्यापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, दाराबाहेर ठेवून हवा आत ढकलणारा पंखा. दुसरी, दाराच्या वरच्या भागात ताणून बसवायचा कापडी पडदा. कोल्हापूरच्या माणसाचा हात आपोआप पंख्याकडे जातो. इंपेलर (पंख्याचं पात्यांचं चाक) ओतणं, बॅलन्सिंग, इंजिन बसवणं हे आपल्या अंगवळणी पडलेलं काम. तरीही सुरुवात पडद्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

बंद खोलीतली आग बऱ्याचदा हवेअभावी दबलेली असते. सोफा, गाद्या, प्लॅस्टिक तापून वायू सोडत असतात, पण ते जळायला पुरेसा प्राणवायू नसतो. दार उघडलं की खालून ताजी हवा आत शिरते, वरून काळा धूर जिन्यात येतो आणि काही मिनिटांत अख्खी खोली पेट घेऊ शकते. अशा वेळी पाणी तयार नसताना किंवा धुराला बाहेर जायची वाट केलेली नसताना पंखा चालू केला, तर तो भात्यासारखा काम करतो. पडदा बरोबर उलटं करतो. धूर खोलीतच अडवतो, हवेचं येणं कमी करतो आणि जिना वरच्या मजल्यावरच्या माणसांसाठी मोकळा ठेवतो. पडदा वाकडा बसला तर थोडा धूर गळतो. पंखा चुकीच्या वेळी लागला तर आत गेलेल्या जवानाच्या जिवावर बेततं. नवख्या उत्पादकाने हा फरक सगळ्यात आधी तोलावा.

आता दाबाचा हिशेब. 600 अंश सेल्सिअसचा धूर बाहेरच्या हवेपेक्षा इतका हलका असतो की त्याच्या दर मीटर उंचीमागे साधारण 8 पास्कल दाबाचा फरक पडतो. एक मीटर रुंद, सव्वा मीटर उंच पडद्यावर हा भार किलोभरही भरत नाही. पण पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा सेकंदाला 10 मीटरने उघड्या खिडकीवर आदळला, तर त्याचा दाब 60 पास्कलच्या घरात जातो आणि त्याच पडद्यावर सात-आठ किलोचा रेटा येतो. चौकटीची पकड या दुसऱ्या आकड्यावर ठरवा. पंखेवाल्यांनीही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण समोरून असा वारा असेल तर उचलून नेता येणाऱ्या पंख्याचं काही चालत नाही. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर 2008 साली तिथल्या अग्निशमन दलाने आणि एनआयएसटी या अमेरिकी सरकारी संशोधन संस्थेने सात मजली इमारतीत वाऱ्याने भडकणाऱ्या आगींच्या चाचण्या केल्या. त्यात खिडकीवर बाहेरून सोडायचे मोठे पडदेही तपासले होते.

दारातला पडदा जर्मनीच्या अग्निशमन दलातल्या मिखाएल राईक यांनी घडवला. रचना साधी आहे: दाराच्या चौकटीत फाकवून घट्ट बसणारी लोखंडी कमान आणि तिला लटकलेलं काचतंतूचं कापड. खालचा भाग सुटा असतो, त्यामुळे होज (पाण्याचा पाइप) आणि माणूस वाकून आत जाऊ शकतात. खरं कौशल्य बारीकसारीक गोष्टींत आहे. सिलिकॉनचा लेप तीनशे अंशांच्या आसपास जळायला लागतो. काचतंतू त्याहून बरंच सोसतो, पण साधा शिलाईचा दोरा त्याआधीच तुटतो. म्हणून दोरा स्टीलचा किंवा काचेचा घ्या, आणि कापड घडी करून ठेवाल तिथे तंतू मोडतात हे धरून ते गुंडाळून ठेवायची सोय करा.

मी पहिली कमान एका नातेवाइकांच्या जुन्या वाड्यात लावून पाहिली आणि ती दोनदा घसरली. सागवानी चौकटीच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, वर तेलाचा थर. फ्लॅटच्या लोखंडी चौकटीत तीच कमान पक्की बसली होती. पुढे टोकांना दातेरी पाय लावले तेव्हा जमलं. वाड्यातलं दार बुटकं असतं, खाली उंबरा, कधी वर गणेशपट्टी. महाद्वार रोड, गुजरी भागात हीच दारं भेटणार. कंपनीच्या मापाचा पडदा आणून तो इथे बसेलच असं धरून चालू नका. स्थानिक कारागिराची जागा नेमकी इथे आहे.

पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत दार म्हणजे तीन-चार मीटरचं शटर. तिथे हा पडदा निरुपयोगी. तुमचं गिऱ्हाईक कारखान्याचं स्वतःचं आगपथक असेल, तर पंख्याचाच विचार करा, आणि आग आटोक्यात आल्यावर धूर काढण्यासाठी म्हणूनच तो विका.

पंख्यात पुन्हा निवड आहेच. पेट्रोल इंजिन कितीही वेळ चालतं, पण त्याचा कार्बन मोनॉक्साईड हवेसोबत आत जातो, उचलायला दोन माणसं लागतात, आणि आवाजात वायरलेस ऐकू येत नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने इथे इंजिनाची ताकदही पाचेक टक्के कमी मिळते. मला बॅटरीचा पंखा जास्त पटतो. फेरे 10 टक्के कमी केले की हवा 10 टक्केच घटते, पण लागणारी शक्ती 27 टक्क्यांनी उतरते, म्हणजे वेग बदलता येणारी मोटर दिली की बॅटरी बरीच पुरते. मात्र बॅटरीचा डबा पाण्याच्या माऱ्यात टिकला पाहिजे, आणि उन्हात बंबावर तापला तरी धोका होता कामा नये. थेट विजेवरचा पंखा हलका आणि स्वस्त, पण आगीच्या जागी वीज पहिल्यांदा तोडतात. जनरेटर असेल तरच तो घ्या.

हवेचे आकडे छापताना प्रामाणिक राहा. उघड्यावर मोजलं की झोताबरोबर ओढली जाणारी आजूबाजूची हवाही त्यात धरली जाते आणि आकडा फुगतो. एएमसीए या पंखा-उद्योगाच्या संघटनेची 240 क्रमांकाची प्रयोगशाळेतली मोजणीपद्धत त्यासाठीच आहे.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी पाहिलं, ते विचारतील की तिथे यातलं काय चाललं असतं. एवढ्या उंच, अखंड सभागृहात दोन्हीही अपुरे पडतात. तिथे छतातच धूर बाहेर सोडणारी पक्की व्यवस्था लागते.

ऑर्डर घेण्याआधी एक चाचणी मात्र चुकवू नका. नाटकात सोडतात तो कृत्रिम धूर थंड असतो, वर चढत नाही, आणि त्यात पडदा आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. धूर तापवून, अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली, खऱ्या दारात पाहा. त्याआधी एक मापपट्टी घेऊन गल्लीतल्या वीस-पंचवीस दारांची रुंदी, चौकटीची जाडी आणि उंबऱ्याची उंची लिहून आणा. कमानीचं पहिलं ड्रॉइंग त्या वहीवरून करा.