आधी 'गॉन विथ द विंड' की आधी 'रणांगण'?

साताऱ्यात दिवाळीला आलेल्या भाचीनं फर्मान सोडलं, "मामा, वाचायला काहीतरी दे. त्यात प्रेम पाहिजे, युद्ध पाहिजे, पण रडवून सोडणारं नको." कपाटातून दोन पुस्तकं काढली आणि माझीच पंचाईत झाली.

मार्गारेट मिचेलचं 'गॉन विथ द विंड' १९३६ साली आलं तेच हजारावर पानं घेऊन. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९ चं. सकाळी सातारा स्टँडवर एसटीत बसलात तर मुंबई येईपर्यंत हातावेगळं होईल. पानांवरून ठरवायचं असेल तर पुढचं वाचू नका, 'रणांगण' घ्या.

मिचेलची गोष्ट १८६१ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या तोंडावर सुरू होते. स्कार्लेट ओहारा सोळा वर्षांची, लाडावलेली आणि आपमतलबी. पहिला नवरा लढायला जातो आणि गोळी न लागताच, छावणीत गोवराचं निमित्त होऊन मरतो. अशा ठिकाणी ही बाई कादंबरी लिहायला बसली होती की हिशेब मांडायला, असं वाटतं. पुढं अटलांटा पडतं, स्कार्लेट 'तारा' या आपल्या शेतवाडीवर परत येते, तर आई गेलेली, बाप भ्रमिष्ट आणि घरात खाणारी तोंडं कितीतरी. शेजारच्या उजाड वाडीत ती मुळा उपटून मातीसकट खाते आणि भडाभडा ओकते. नंतर जमिनीचा ३०० डॉलर कर भरायला पैसे नाहीत, म्हणून आईच्या दिवाणखान्यातले हिरवे मखमली पडदे उतरवून त्यांचा झगा शिवून घेते. पैसे मागायला जायचं, पण भिकारणीसारखं दिसायचं नाही!

आमच्या जिल्ह्यात हे वाचताना परकं वाटत नाही. इथून जवळच अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. गडी लढाईवर गेल्यावर मागं शेत कुणी केलं असेल, ते कुठल्या शिळेवर कोरलेलं नसतं. मिचेलचं पुस्तक त्या मागं राहिलेल्या बाईचं आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. गुलामगिरीबद्दल हे पुस्तक सरळ खोटं बोलतं. गुलाम सुखात होते, मालकावर जीव टाकत होते, असं चित्र ते रंगवतं आणि कू क्लक्स क्लॅन या काळ्या लोकांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीलाही पाठीशी घालतं. आपल्याकडचा जुना वाडा आणि बलुतेदार यांच्याबद्दल हळहळून बोलणारे लोक आठवतात. तेवढा चष्मा लावून वाचा.

'रणांगण'मध्ये एकही बंदूक उडत नाही. महायुद्ध तोंडावर आलंय, युरोपातून निघालेल्या बोटीवर हिटलरनं देशोधडीला लावलेले ज्यू आहेत. त्यांतली हॅर्टा आणि मुंबईला परतणारा चक्रधर. मुंबई आली की तो उतरणार, ती पुढं जाणार. म्हणजे प्रेमाला मुदत बंदराची. चक्रधर एकदा पोळलेला, बाईवर पुन्हा विश्वास ठेवायचा नाही अशी गाठ मारलेला, त्यामुळे तो जे सांगतो त्यावर आपलाही पुरता विश्वास बसत नाही. बेडेकरांची खरी करामत मला तीच वाटते. स्कार्लेटला निदान पाय रोवायला ताराची लाल माती होती. हॅर्टाच्या पायाखाली नुसती बोट.

तेव्हा जगण्याची झटापट वाचायची असेल तर मिचेल. प्रेमकथा म्हणाल तर बेडेकरच, कारण स्कार्लेटला प्रेम ओळखायलाच हजार पानं लागतात. कुठलं पुस्तक मोठं म्हणून विचाराल तर माझं मत बारक्याला.

पण भाचीची अट होती ना, रडवायचं नाही. 'रणांगण' गुपचूप मागं सारलं. आठ दिवसांनी पुण्याहून फोन आला, "मामा, तिनं पडदे उतरवले. आता मध्ये बोलू नकोस, ठेवते."