बसस्टँडमागचं मासोळीचं दुकान, जिथे बारका पापलेट तराजूवर चढतच नाही

भंडारा जिल्ह्यात आमचं तालुक्याचं गाव, तिथल्या बसस्टँडच्या मागे रसवंतीच्या बाजूला एक पत्र्याचं मासोळीचं दुकान आहे, बोर्ड-बिर्ड काही नाही, पण कोणालाही विचारा समुद्राची मच्छी कुठे भेटते तं बरोबर तिथेच पाठवतील. दोन वर्षं झाली मी तिथूनच घेतो. पाचपैकी साडेचार स्टार देतो, अर्धा काहून कापला ते खाली सांगतो.

आधी माझं थोडं सांगतो म्हणजे कळेल मी एवढं काहून लिहून राहिलो. मी सहा वर्षं पालघरकडे बोईसरला कंपनीत कामाला होतो. तिथून सातपाटी जवळच, पापलेटसाठी नाव असलेलं गाव. सुट्टीच्या दिवशी आम्ही चार-पाच पोरं तिकडे जायचो. तिकडच्या बाजारांत मी तळहातापेक्षाही लहान पापलेटचे वाटे लावलेले पाहिले, स्वस्तात जायचे, आणि बाजूला बसलेले म्हातारे कोळीबाबा ते पाहून मान हलवायचे. मला तेव्हा वाटायचं, स्वस्त आहे तं चांगलंच आहे ना. गावी परत आलो आणि या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा ती गोष्ट डोक्यात नीट बसली.

झालं असं की जून महिना होता, पाहुणे आले होते, मी गेलो आणि म्हटलं पापलेट द्या दोन किलो. दुकानवाला भाऊ म्हणतो, "आता नाई भेटत भाऊ, समुद्र बंद हाये." मला वाटलं टाळून राहिला. मी म्हटलं नागपुरात तं भेटून राहिला. तो म्हणे, "भेटन ना, पण तो बरफातला जुना माल हाये, ताजा म्हणून कोनी देत असन तं घेऊ नोका." आणि मग त्याने भिंतीवर खडूने लिहिलेलं दाखवलं. पश्चिमेकडच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पूर्वेकडे १५ एप्रिल ते १४ जून बंद. दोन्हीकडे एकसष्ट-एकसष्ट दिवस. आपण विदर्भवाले दोन समुद्रांच्या मधात, मुंबईकडूनही माल येतो आणि विशाखापट्टणमकडूनही, म्हणजे १ जून ते १४ जून या दोन आठवड्यांत दोन्हीकडच्या यांत्रिक बोटी किनाऱ्यालाच बांधलेल्या असतात. बिनइंजिनाच्या होडीवाल्यांना सूट आहे, पण त्यांचा माल तिकडेच खपतो, आमच्या खेड्यापर्यंत काय येणार. म्हणजे त्या दिवसांत इकडे कोणी "आजचीच ताजी सुरमई" म्हणून विकत असेल तर सरळ समजून घ्यायचं. हे मला बोईसरला राहूनही माहीत नव्हतं, आणि समुद्रापासून सात-आठशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाने सांगितलं.

त्या दिवशी मी गोड्या पाण्यातली मरळ घेऊन घरी गेलो. पाहुणे खुश होते.

आता दुकानाची खरी गोष्ट. तराजूच्या बाजूला कंपासपेटीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी ठेवलेली असते, तेल-पाणी लागून आकडे अर्धे पुसलेले. पेटी उघडली की भाऊ पापलेटला पट्टी लावतो. साडेतेरा सेंटीमीटरच्या आतला निघाला तर बाजूला काढतो आणि पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोटो टाकतो. काहून, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याच्या आतली मासळी पकडायचीच नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. हिशोब सोपा आहे, मासोळीने एकदा तरी अंडी टाकावी आणि मगच जाळ्यात यावी. त्याच्या आधीच उचलली तर पुढच्या वर्षी बोट डिझेल जाळून रिकामी परत येते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिल्व्हर पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं होतं, सातपाटीच्या मच्छीमारांनीच ती मागणी लावून धरली होती. आणि तेव्हा मत्स्यव्यवसाय मंत्री होते सुधीर मुनगंटीवार, आपल्या चंद्रपूरचे! समुद्र नसलेल्या आमच्या भागातल्या माणसाच्या हातून समुद्राचं एवढं मोठं काम झालं याचा मला खरंच अभिमान वाटतो.

पण कायदा किनाऱ्यावर आणि तराजू आमच्या गावात, मधात कोणीच पट्टी घेऊन उभं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारने वरून बरंच केलं, खोटं काहून बोलू. १९८१ चा सागरी मासेमारी कायदा होता, तो २०२१ मध्ये सुधारून दंड चांगलेच वाढवले. २०१६ मध्ये पर्ससीनवाल्यांना लगाम लावला, म्हणजे ते मोठं गोल जाळं जे थव्याला वेढा टाकून खालून पिशवीसारखं आवळतात, त्याला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम दिला आणि परवाने हळूहळू १८२ वर आणायचे ठरवलं. रात्री समुद्रात एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासोळी गोळा करायची आणि सगळी एकदम उचलायची, त्याला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने नजर ठेवणं सुरू केलं. एवढं करूनही बारका पापलेट पेटीत बसून नागपूरला येतोच, कारण राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, त्याच्या पुढे केंद्राचं पाणी, आणि एकदा का बोट बंदरात आली, माल बर्फात गेला, ट्रकात चढला, की मग तो कुठे पकडला कधी पकडला कोणाला काय माहीत. ड्रोन पेटीच्या आत पाहू शकत नाही. पेटी उघडते दुकानात. मला वाटतं प्रत्येक जिल्ह्याच्या मासळी बाजारात, मग तो नागपूरचा असो की गोंदियाचा, लांबीचा तक्ता चित्रांसह लावावा आणि महिन्यातून एकदा तरी पट्टी घेऊन माणूस फिरावा. पंधरा सेंटीमीटरची पट्टी किती रुपयांची येते?

भावाला मी विचारलं की तुम्हाला हे काहून एवढं लागते, तुमचं तं नुकसानच होते. तो धिवर समाजाचा, घरच्यांचा मामा तलावावर सोसायटीतून मासेमारीचा धंदा, म्हणजे आमच्याकडचे ते जुने मालगुजारी तलाव. तो म्हणे, "आमी तलावात बीज सोडतो, बोटभर झालं का काढतो का? वाढू देतोच ना. मंग समुद्राचंबी तसंच हाये, तिथं बीज सोडाले कोनी नाई, आपोआपच होते, म्हणून तं जास्त सांभाळा लागते." त्याची आई बाजूला बसून कतला साफ करत होती, ती म्हणे पावसाचं पहिलं पाणी आलं की मासोळी वर चढते, पोटात अंडी असतात, आमच्या सासऱ्याच्या वेळेपासून तेवढे दिवस जाळं टाकत नाही. समुद्राची पावसाळी बंदीही त्याच साठी, काही मासोळीचा अंड्यांचा काळ आणि वरून वादळ-लाटांचा धोका. काकूंनी समुद्र पाहिलेला नाही, पण एका वाक्यात सगळं सांगितलं.

आता मालाबद्दल. पापलेट सीझनमध्ये चांगला येतो, गलफडं लाल, दाबलं की मांस परत वर येते. भाव मुंबईपेक्षा जास्त, मागच्या वेळेस मी किलोला चौदाशे दिले, बर्फ-थर्माकोल-गाडीचं भाडं धरलं तर ठीकच आहे. साफ करून फुकट देतात, पापलेटचे तुकडे मोठे मागा, लहान तुकड्याचा रस्सा करताना चुरा होतो. आमच्या घरी सावजी मसाल्यात करतात, बोईसरच्या मित्राला सांगितलं तर तो म्हणतो पापलेटचा सत्यानाश करता तुम्ही, पण आमच्या जिभेला तोच चालते.

सुक्या मासोळीसाठी तं नक्कीच जा. सोमवारच्या आठवडी बाजारात त्याचंच वेगळं दुकान लागते, बोंबील, सुकट, झिंगे सगळं. पावसाळ्याची बेगमी म्हणून आमच्याकडे मे महिन्यात लोक घेऊन ठेवतात, तांदळाची भाकर आणि भाजलेला बोंबील, वरून तिखट-मीठ-कांदा, बाहेर पाऊस चालू असला की दुसरं काही नको. इथे मात्र पट्टीचा उपयोग पूर्ण होत नाही, बोंबील वाळला की आकसतो, ओला असताना १८ सेंटीमीटरचा होता की नाही कसं सांगणार. भाऊ म्हणतो अगदीच काडीसारखे असले तर तो गठ्ठा घेत नाही, बाकी विश्वासावर. तसंच सुरमईचं, ती इकडे कापलेलीच जास्त येते, ३७ सेंटीमीटरची होती की पंचवीसची हे तुकडा पाहून कळत नाही. भाऊ आता अख्खीच मागवतो आणि समोर कापून देतो. तुम्ही पण अख्खीच मागा, कापलेली नको म्हणा, भाव थोडा जास्त पडतो पण आपल्या डोळ्याने दिसते काय घेतलं ते.

अर्धा स्टार कापला तो स्वच्छतेसाठी आणि थोडा विस्कळीत व्यवस्थेसाठी. मागची नाली उघडी आहे, रविवारी सकाळी माशा आणि कुत्रे दोन्ही, भाऊ रोज धुतो पण नालीचं काम त्याच्या हातात नाही. बर्फाचा डबा एकच, दुपारी बारानंतर गेलात तर वरचा माल मऊ पडलेला असतो, सकाळी आठ-नऊलाच जा. फोन पे चालते, नेटवर्क असलं तर. मत्स्यव्यवसायाला एप्रिल २०२५ मध्ये राज्याने शेतीचा दर्जा दिला, वीज-कर्जात सवलत भेटेल असं ऐकून भाऊ एक मोठा डीप फ्रीजर घ्यायच्या मागे आहे, कागदपत्रांसाठी दोन चकरा झाल्या म्हणे, अजून काम व्हायचं आहे. झालं पाहिजे. अशा माणसाकडे फ्रीजर नसेल तर कोणाकडे असावा.

एक अनुभव अजून. मागच्या वर्षी एका हॉटेलवाल्याने त्याच्याकडे बारके पापलेट मागितले, थाळीत एक अख्खा बसतो म्हणून. मी तिथेच उभा होतो. भावाने सरळ नाही म्हटलं, दहा किलोचं रोजचं गिऱ्हाईक होतं ते. हॉटेलवाला म्हणे मी दुसरीकडून आणीन, भाऊ म्हणे आणा. काकू काही बोलल्या नाहीत, माझ्या पिशवीत मात्र एक झिंग्याची पुडी जास्त टाकली, बहुतेक हात थरथरला होता त्यांचा.

जायचं असेल तर वेळ लक्षात ठेवा. श्रावणात आमच्याकडे खाणारे कमी, म्हणून ऑगस्टमध्ये समुद्र उघडला तरी भाऊ माल थोडाच मागवतो. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मात्र रांग लागते, तेव्हा दोन दिवस आधी फोन करून सांगून ठेवा किती किलो पाहिजे, आणि पापलेट असेल तर मोठाच पाहिजे म्हणून सांगा, तो तसाही बारका देणार नाही.